डनकार्न हरल्यानंतरचा रविवार

स्कॉटलंडातल्या डनकार्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबाला यंदा सव्वाशे वर्षं झाली. त्यांना स्मरणिका काढायची आहे, आणि त्यांचा सगळ्यात लांबचा पाठीराखा म्हणून मी आठवणी लिहाव्यात, असं पत्र त्यांनी मला धाडलंय. मी म्हणजे लिंबाजी ग्यानोबा सोनकांबळे, वय सत्त्याहत्तर, लातूर जिल्हा परिषदेचा निवृत्त हातपंप मेकॅनिक. मी मराठीत लिहायचं आणि माझ्या मुलीनं, सिंधूनं, त्याचं इंग्रजी करायचं असं ठरलं. ती नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवते. महिनाभर ती फोनवर विचारते, "बाबा, झालं का?" आणि मी म्हणतो, "लिहून राहिलो." एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला भीती वाटते. क्लबवाले काय म्हणतील याची कसली भीती, ते तिकडे सातासमुद्रापार. हे कागद सिंधूच्या हातात आधी पडणार, याची भीती वाटते.

उद्या ती येतेय. म्हणून आज बसलोच.

माझं गाव धोंडसांगवी, जळकोटाच्या वाटेवर. त्र्याहत्तर साली, दुष्काळानं दुसरा उन्हाळा खाल्ला तेव्हा, मॅक्रे साहेब बोअर पाडायचं मशीन घेऊन आमच्या भागात आले. कुठल्याशा परदेशी मदत संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. मी सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक नापास, पण हिंदी बरी आणि इंग्रजी मोडकंतोडकं येत होतं, म्हणून रॉड जोडायच्या कामावर लागलो. सिंधू तेव्हा वर्षाची होती. पाण्याच्या अशा तंगीत जन्मली म्हणून माझ्या आईनं, धुरपताबाईनं, तिला मुद्दाम नदीचं नाव ठेवलं.

साहेबांच्या गळ्यात भर उन्हाळ्यात लोकरीचा मफलर असायचा. निळा आणि पांढरा. सगळी माणसं त्यांना हसायची, मी मात्र तो निळा रंग पाहूनच त्यांचा झालो. आमच्या वस्तीवरच्या झेंड्याचा रंग गोऱ्या माणसाच्या गळ्यात, मग त्याला नावं कशी ठेवणार? मी तसं बोललो तेव्हा साहेब खूश झाले. बोअरमधून उडालेल्या दगडाच्या भुकटीवर काडीनं मैदान आखून त्यांनी मला खेळ समजावला. अकरा खडे इकडे, अकरा तिकडे. डनकार्नचे खडे ते निवडून घ्यायचे, तरी हरायचे.

शनिवारी रात्री ते ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावत. एक माणूस क्लबांची नावं आणि गोल वाचत जायचा. पहिलं नाव, आकडा, मग दुसरं नाव, आणि दुसरा आकडा यायच्या आतच त्याच्या आवाजावरून कळायचं की कोण बुडालं. महिन्याभरात मलाही कळायला लागलं. आवाज पडला की साहेब डोळे मिटत. ते आमच्याकडे होते त्या चार महिन्यांत डनकार्न एकदाही जिंकलं नाही.

आणि दर रविवारी मशीन बंद असायचं. आता ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच अडतं. आमच्याकडे दुष्काळी कामाला सुट्टी असायची ती आठवडी बाजाराच्या दिवशी. रविवारी तलावाच्या भिंतीवर खडी फोडायला माणसं जातच होती. मग साहेबांचंच मशीन बंद का? ते तंबूत बसत, पुस्तक वाचत, कुणाशी बोलत नसत. चेहरा उतरलेला. एकदा मी धीर करून विचारलं, "साब, इतवार को मशीन क्यूं नहीं चलाते?" त्यांनी मफलर झटकला आणि हसून म्हणाले, "कल डनकार्न हार गया ना!"

मी ते पदराला बांधून घेतलं.

पुढं एप्रिल महिन्यात ते डिझेलच्या तजविजीसाठी नांदेडला गेले होते. शनिवारी डनकार्न पाच गोलांनी हरलं होतं. रविवारी कोणी तरी अधिकारी येऊन ओरडला, लोक पाण्यावाचून मरतायत आणि मशीन झोपलंय कसं? फोरमननं मशीन चालू केलं. ऐंशी फुटांवर रॉड अडकला, झटका बसला आणि पंढरी नावाच्या आमच्या मजुराच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. संध्याकाळी साहेब परतले, रक्त पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मैंने बोला था, इतवार को नहीं."

त्या दिवसापासून मी डनकार्न हरल्यानंतरच्या रविवारला भ्यायला लागलो.

जूनमध्ये जाताना साहेबांनी मफलर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही मला दिलं. पुढची दहा वर्षं मी डनकार्नचा एकही सामना पाहिला नाही आणि एकही निकाल चुकवला नाही. शनिवारी निकालाआधी जेवायचं नाही. मफलर धुवायचा नाही. तो माणूस नावं वाचत असताना घरात कोणी बोलायचं नाही. हरले की रविवारी नवं काही सुरू करायचं नाही, पंपाचा नटसुद्धा खोलायचा नाही. छप्पन साली माझ्या बापानं, ग्यानोबानं, घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, मी स्वतः टोपलीचा एक कान धरला होता. कुणी नवस बोललं की मी भर चावडीत त्याची खिल्ली उडवायचो. माझी बायको सरजाबाई एकदा म्हणाली, "देव समदे नदीत सोडले आन् ह्यो येक फडका मातर खुंटीवर बसिवला." मी तिच्यावर खेकसलो. खरं बोललेलं झोंबतंच. नामांतराच्या साली आजूबाजूच्या वस्त्या जळत होत्या तेव्हा पळायची तयारी म्हणून आम्ही ट्रंक भरली होती. आधी बाबासाहेबांचा फोटो ठेवला आणि त्यावर मी मफलर ठेवला. सरजानं पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. मिठाई वाटली, कमानी उभारल्या. उस्मानाबादेहून ट्रकांनी टेबलं, खुर्च्या आणि फायलींची गाठोडी आली, आणि आमच्या वस्तीच्या बोअरचा अर्ज त्या गाठोड्यांत कुठं गडप झाला कोणास ठाऊक. पाऊसही त्या साली रुसला. मी उदगीरला मेकॅनिक होतो. अर्ज पुन्हा लिहिला, तिसऱ्यांदा लिहिला, साहेबलोकांचे उंबरे झिजवले. वस्तीच्या जुन्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता आणि गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना अजून लांब उभं राहावं लागायचं.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी नव्या जिल्ह्याचं नवंकोरं मशीन आमच्या वस्तीत शिरलं. बाया कामं टाकून बाहेर आल्या. सरजानं साऱ्या टोळीला पिठलं-भाकरी घातली. निलंग्याकडचा मडिवाळप्पा ड्रायव्हर होता, त्यानं पिंपळाजवळची खूण पाहून मान डोलावली. "सकाळी सातला लावतो. सोमवारी मला पुढं जायचं हाय."

रात्री मी बीबीसी लावलं. आवाज पडला. चार-शून्य.

डनकार्न हरलं होतं. सकाळी मडिवाळप्पा नारळ घेऊन मशीनसमोर उभा राहिला आणि सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली, की आता लिंबाजी नारळावरून भाषण ठोकणार. मला नारळ दिसतच नव्हता. मला पंढरीची बोटं दिसत होती. रॉड अडकणार, बोअर कोरडा जाणार, कुणाचा तरी हात जाणार, अशी माझी खात्री होती. आणि वस्तीला बोअर एकदाच मिळतो. कोरडा गेला की वर्षानुवर्षं कोणी ढुंकून बघत नाही.

मी मशीनखाली वाकलो, हवेचा पाईप चाचपला आणि खोटं बोललो. "मडिवाळप्पा, पायपाला चीर दिसून राहिली. प्रेशर आलं तं फुटंल. आज मी बांधून ठिवतो, उद्या लावा."

"मला तं दिसंना," तो म्हणाला.

"मेकॅनिक म्या हाव का तुमी?"

त्यानं नारळ परत पिशवीत टाकला. मी दिवसभर धडधाकट पाईप पट्टीनं गुंडाळत बसलो.

सोमवारी उजाडायच्या आत जीप आली. चाकूरकडच्या एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती, मशीन ताबडतोब तिकडं न्यायचा हुकूम होता. मडिवाळप्पा जाताना म्हणाला, "आठ दिसांत येतो बघा." वस्तीनं नव्या जिल्ह्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

आठ दिवसांचे सात आठवडे झाले.

विहिरीच्या तळाशी एका बाजूला कपार होती आणि त्या कपारीतच पाणी पाझरायचं. मोठ्या माणसाचे खांदे तिथं मावत नव्हते. सिंधू अकरा वर्षांची, काटकुळी. कमरेला दोर बांधून ती पायऱ्यांवरून उतरायची, पायऱ्या संपल्या की मी तिला दोरानं सोडायचो, आणि ती कपारीत शिरून वाटीवाटीनं घागर भरायची. विहिरीचे दगड पाण्यावाचून सुटे झाले होते. वरून माती गळताना दिसायची. माझे हात दोरावर असायचे आणि जीव तिच्या कमरेला. ती आत गेली की दिसायची नाही, म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. थोड्या थोड्या वेळानं ती आतून हाक मारायची, "बाबा?" मी वरून म्हणायचो, "हाव." म्हणजे, आहे मी इथंच. एवढंच. हाक यायला उशीर झाला की मीच वरून तिला हाक मारायचो.

मी कुणाला काय सांगणार? मशीन माझ्यामुळं गेलं आणि त्या भोकात माझंच लेकरू उतरत होतं. मडिवाळप्पाला शोधायला मी दोनदा चाकूरला गेलो, हातापाया पडलो. त्याच्या हातात काही नव्हतं.

आणि शहाणपण आलं म्हणावं, तर तेही नाही. भीती वाढली तसा मी मफलराला जास्तच चिकटलो. डनकार्न हरलं की रविवारी सिंधूला विहिरीत सोडायचो नाही. त्या दिवशी सरजा मैलभर चालून अण्णाराव पाटलाच्या मळ्यावर जायची आणि जनावरं पिऊन झाली की त्याचा सालगडी वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचा. सरजा खालमानेनं परत यायची. मी विचार करायचो, अपमान परवडला, पोरगी तर वर आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी तो माणूस नावं वाचत आला आणि डनकार्नवर त्याचा आवाज चढला. तीन-एक. जिंकले! मी अंथरुणातून उठून उभा राहिलो. त्या रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या.

रविवारी सकाळी मी स्वतः सिंधूला उठवलं. "चल गं, आज कायबी व्हत न्हाई." ती डोळे चोळत हसली. माझ्या मनात किंतुसुद्धा नव्हता. एरवी मी दोर दोन्ही हातांनी धरून काठावर आडवा पडायचो. त्या दिवशी दोर रहाटाच्या खांबाला बांधला आणि चार पावलं मागं, शेजारच्या बसवंतला निकाल सांगत बसलो. पहिला गोल कुठल्या मिनिटाला झाला असेल याचा अंदाज मी त्याला हातवारे करून देत होतो. बसवंतला फुटबॉल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

आतून हाक आली. "बाबा?"

मी ऐकली. गोष्ट संपवून मग 'हाव' म्हणू, असं वाटलं.

"बाबा?"

मग मातीचा आवाज आला, आणि दगडांचा. धूळ वर आली. मी खांबाकडं धावलो तर दोर ताठ आणि हलेना. मी किती हाका मारल्या मला आठवत नाही. माणसं जमली, बसवंत आणि मी खाली उतरलो, नखं उचकटेपर्यंत दगड काढत राहिलो. पाऊण तास. ती मेली असं मी मनात तीनदा ठरवलं. मग दगडांच्या मागनं तिचा आवाज आला, बारीक, "बाबा, हाव का तुमी?"

डाव्या पायावर मोठा दगड होता. अण्णाराव पाटील स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला, हेही लिहिलं पाहिजे. उदगीरच्या दवाखान्यात जीव वाचला. पाय गुडघ्याखाली वाकडा आणि दोन बोटं आखूड राहिला, तो कायमचा.

नवव्या दिवशी मशीन आलं. त्याच खुणेवर, पिंपळाजवळ, एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. पांढरी भुकटी काळी झाली, मग चिखल, मग फवारा. सगळी वस्ती भिजली, नाचली. मी मशीनमागं बसून ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, आनंदानं.

सरजा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्या दिशी पायपाला कायबी झालं नव्हतं. म्या बघितलं व्हतं." मी तिच्याकडं बघू शकलो नाही. "लेकीला सांगू नका," ती म्हणाली. "पाय गेला तिचा. बाप तरी राहू द्या." चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर पुन्हा त्यावर एक शब्द बोलली नाही.

मी मॅक्रे साहेबांना मात्र लिहिलं. तुटक्या इंग्रजीत सगळं सांगितलं आणि विचारलं, तुमचा नियम मी पाळला, मग हे कसं झालं? चौऱ्याऐंशीत उत्तर आलं. डिक्शनरी घेऊन दोन दिवस वाचलं. साहेबांनी लिहिलं होतं, "लिंबाजी, ती मी थट्टा केली असेल. रविवार हा प्रभूचा वार, त्या दिवशी आम्ही काम करत नाही. माझी आई तर त्या दिवशी चूलसुद्धा पेटवत नसे. डनकार्न जिंकलं असतं तरी माझं मशीन बंदच राहिलं असतं. आणि डनकार्न हरल्यावर मी आयुष्यात शेकडो बोअर पाडले असतील, सोमवारी. पाणी लागलं."

म्हणजे बापानं नदीत सोडलेल्या देवांना मी दहा वर्षं हसत होतो आणि एका परक्या देवाचा वार इमानानं पाळत होतो. तोही न समजून. ज्याचा होता त्याला निदान शांती मिळत होती, मला भीतीच मिळाली.

ते पत्र ट्रंकेत तळाशी घातलं. तेव्हा सिंधूला इंग्रजी येत नव्हतं. पुढं ती शिकली, एम. ए. झाली, आणि ट्रंकेची किल्ली मी करदोट्याला बांधली. डनकार्नचे निकाल अजून ऐकतो. त्याला प्रेम म्हणा की सवय, खालच्या विभागात घसरले तेव्हाही ऐकले. सिंधूला वाटतं तिचा बाप हौशी आहे.

दरवर्षी चौदा एप्रिलला ती भाषण करते. मी पहिल्या रांगेत असतो. ती सांगते, माझ्या बापानं कधी नवस केला नाही, गंडा बांधला नाही, आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नव्हता. सांगते की नव्या जिल्ह्याच्या बेपर्वाईनं तिचा पाय नेला, म्हणून मुलांनो, शिका आणि जाब विचारा. लोक टाळ्या वाजवतात. ती लंगडत खाली येते, माझ्या शेजारी बसते आणि मी टाळ्या वाजवत असतो. त्या वेळी मला जी भीती वाटते तशी विहिरीच्या काठावरही वाटली नाही.

आज शनिवार. डनकार्नचा सामना सुरू झाला असेल. आता निकाल मोबाईलवर दिसतो, ट्रान्झिस्टरला कान लावून बसावं लागत नाही. मघाशी मनात आलंच, की जिंकले तर हे कागद सिंधूला द्यावेत आणि हरले तर फाडून टाकावेत. सत्त्याहत्तराव्या वर्षी! स्वतःचीच लाज वाटली. उठलो, मोबाईल बंद केला आणि ज्वारीच्या डब्यात खाली खुपसला.

सिंधू, यापुढचं क्लबासाठी नाही, पण गाळू नकोस, तेही इंग्रजी कर. तुझा पाय नव्या जिल्ह्यानं नेला नाही. मी नेला. पाईप धड होता. साहेबांचं पत्र या कागदांच्या खाली ठेवलंय, ते तू माझ्यापेक्षा नीट वाचशील. तुझी माय म्हणाली होती सांगू नका, आणि चाळीस वर्षं मी तिच्या पदराआड लपलो. ती गेली, आता लपायला जागा नाही.

तू आलीस की चहा करून देईन आणि हे तुझ्या हातात देऊन बाहेर ओट्यावर बसेन. वाचताना दार लावून घेतलंस तरी चालेल. पण मधेच कुठं हाक मारावीशी वाटली तर मार. पहिल्याच हाकेला मी 'हाव' म्हणेन.